प्रज्वलनचूक, मोटार एंजिनातील

प्रज्वलनचूक : अंतर्ज्वलन एंजिनाच्या एका किंवा अधिक सिलिंडरांत इंधन व हवा यांचे मिश्रण ठरलेल्या क्षणी न पेटणे, अर्धवट पेटणे किंवा फार उशिरा पेटणे या दोषास प्रज्वलनचूक म्हणतात. ज्या सिलिंडरात चूक होते त्याचा दट्ट्या त्या फेऱ्यात शक्ती देत नाही, उलट इतर सिलिंडरांच्या शक्तीवर ओढला जातो. त्यामुळे भुजादंडाच्या फिरण्यातील सातत्य मोडते आणि गाडी झटके खाऊ लागते. कारागिरांच्या बोलीत यास ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. एंजिन रिकामे फिरत असता किंवा सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जात असता हा दोष पुष्कळदा जाणवत नाही. प्रवेगक दाबून वेग वाढवू लागताच तो प्रकट होतो. प्रस्तुत नोंदीत प्रवेगाच्या वेळी होणाऱ्या या चुकीची कारणे, तिचे निदान व दुरुस्ती यांची माहिती दिली असून उदाहरणे मुख्यतः बीड जिल्ह्यातील रस्ते, हवामान व वाहनवापर यांच्या अनुषंगाने घेतली आहेत. विवेचन प्रामुख्याने पेट्रोल एंजिनाचे आहे. [⟶ अंतर्ज्वलन एंजिन, मोटारगाडी].

दोषाचे गांभीर्य : बीड जिल्ह्यातून बालाघाटाची डोंगररांग जाते. बीडहून सोलापूरकडे जाताना पाली ओलांडल्यावर मांजरसुंब्याचा घाट लागतो. धारूरचा घाट अरुंद व वळणांचा आहे. परळी वैजनाथ व घाटनांदूर हा भाग सोडल्यास जिल्ह्याची वाहतूक दीर्घकाळ सर्वस्वी रस्त्यावरच अवलंबून होती. खुद्द बीड शहरातून अहिल्यानगरकडे जाणारी प्रवासी रेल्वे सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. रुग्णास अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या रुग्णालयात नेणे, बाजारास जाणे, लग्नकार्यास जाणे ही सर्व कामे मोटारीनेच होतात. ऊसगाळपाच्या हंगामात या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या जोडट्रॉल्यांची रीघ असते. त्या ओलांडताना चालकाने समोरच्या मोकळ्या अंतराचा अंदाज गाडीच्या नेहमीच्या शक्तीवरून बांधलेला असतो. नेमक्या त्या क्षणी चारांपैकी एका सिलिंडराने काम सोडले, तर सुमारे एक चतुर्थांश शक्ती नाहीशी होते, न पेटलेल्या सिलिंडराचा भार वेगळाच पडतो आणि ओलांडण्यास लागणारे अंतर वाढते. म्हणून प्रवेगाच्या वेळची प्रज्वलनचूक ही केवळ गैरसोय न मानता सुरक्षिततेचा प्रश्न मानावा. दोष दूर होईपर्यंत घाटात व दुपदरी रस्त्यावर पुढचे वाहन ओलांडू नये, हा पहिला नियम होय.

दुसरी हानी एंजिनाची व खिशाची आहे. न जळलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते व खाली तेलात मिसळते. ज्या गाड्यांत निष्कास नळीवर उत्प्रेरक परिवर्तक बसविलेला असतो, त्यांत हे इंधन परिवर्तकात जाऊन जळते. आतील सच्छिद्र गाभा अतितप्त होऊन वितळू शकतो व हा भाग बहुधा गाडीतील अत्यंत महाग सुट्या भागांपैकी एक असतो. काही शेकडा रुपयांच्या प्लगाकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने फार महागात पडते.

प्रवेगाच्या वेळीच चूक का होते : चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असता एका सिलिंडरात सेकंदास २५ व चार सिलिंडरांत मिळून १०० ठिणग्या पडाव्या लागतात. प्रत्येक ठिणगीच्या वेळी तीन गोष्टी जमून याव्या लागतात : पुरेशी प्रबळ व वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणातील मिश्रण आणि पुरेसे संपीडन. प्रवेगक दाबल्यावर या तिन्हींवरील ताण एकदम वाढतो.

(१) विद्युत् दाबाची वाढती मागणी : रिकाम्या फिरणाऱ्या एंजिनात झोतझडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे सिलिंडरात येणाऱ्या हवेचा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच असतो. झडप पूर्ण उघडताच सिलिंडर जवळजवळ पूर्ण भरतो व संपीडनाच्या शेवटी वायू पूर्वीपेक्षा कितीतरी दाट होतो. वायू जितका दाट तितका तो भेदून ठिणगी पडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो. ठिणगी गुडदीच्या, म्हणजेच प्लगाच्या, दोन अग्रांमधील फट झिजेने रुंदावली असल्यास ही मागणी आणखी वाढते. रिकाम्या फेऱ्यांत ५ ते १० हजार व्होल्टवर भागत असले, तर जोराच्या प्रवेगात १५ ते २० हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक लागतात. प्रज्वलन वेटोळे (कॉइल) किती दाब देऊ शकते आणि प्लगास किती हवा, यांतील फरक ही प्रज्वलन योजनेची शिल्लक होय. वेटोळे दुबळे झाले, तारेचे आवरण चिरले किंवा फट वाढली की शिल्लक कमी होते. ती शून्यावर आली की विद्युत् ठिणगी फटीऐवजी चिरलेल्या आवरणातून एंजिनाच्या धातूकडे जाते. रिकाम्या फेऱ्यांत शिल्लक असते व जोर लावताच ती संपते. म्हणूनच कारागिराच्या दारात उभी असलेली गाडी निर्दोष भासते व रस्त्यावर अडखळते.

(२) मिश्रण विरळ होणे : झोतझडप एकदम उघडली की हवा तत्काळ आत घुसते, पेट्रोल मात्र हवेपेक्षा जड असल्याने मागे राहते. शिवाय अंतर्ग्रहण नळीतील दाब वाढल्यामुळे पेट्रोलाचे बाष्पीभवन कमी होऊन त्याचा काही भाग नळीच्या भिंतीवर ओल्या थराच्या रूपाने चिकटतो. परिणामी क्षणभर सिलिंडरात फार विरळ मिश्रण जाते. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४·७ भाग हवा लागते व पूर्ण शक्तीसाठी १२·५ ते १३ भाग हवेचे, म्हणजे समृद्ध, मिश्रण लागते. मिश्रण फार विरळ झाले की ज्योत सिलिंडरभर पसरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्बोरेटरात प्रवेगक पंप असतो व तो झडप उघडताच पेट्रोलाची जादा चिळकांडी मारतो. अंतःक्षेपण पद्धतीत हेच काम नियंत्रक संगणक अंतःक्षेपक अधिक काळ उघडे ठेवून करतो.

(३) संपीडन व झडपा : झिजलेली कडी, जळालेली झडप, कमकुवत झडप-कमान किंवा झिजलेला कॅम यांमुळे भार वाढताच त्या सिलिंडराची उणीव उघडी पडते. हे दोष संख्येने कमी पण खर्चाने मोठे असतात.

प्रज्वलन पद्धतीतील बदल : एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये आपल्या वायू एंजिनात विद्युत् ठिणगी वापरली. बॉश कंपनीचे गोटलोब होनोल्ट यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला अनुरूप प्लग सिद्ध केला. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास घटमाला, वेटोळे व संपर्कखंडक यांची पद्धत प्रचारात आणली. हीच पद्धत पुढे सुमारे सहा दशके जगभर चालली. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाडा येथील अँबॅसडर आणि जुन्या पेट्रोल जीपगाड्या यांत ती असे. तीत संपर्कखंडकाचे बिंदू (पॉइंट) मिटलेले असताना वेटोळ्यात ऊर्जा साठते व ते उघडताच ठिणगी पडते. चार सिलिंडरांच्या एंजिनात मिनिटास ३,००० फेऱ्यांना दोन ठिणग्यांतील काळ १० सहस्रांश सेकंद, तर ५,००० फेऱ्यांना केवळ ६ सहस्रांश सेकंद असतो. यातील सुमारे ६०% काळच बिंदू मिटलेले असतात. वेग वाढला की ऊर्जा साठविण्यास कमी वेळ मिळतो व ठिणगी क्षीण होते, हा या पद्धतीचा अंगभूत दोष होय. भारतात मोटारींच्या उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसतसे २००० च्या सुमारास कार्बोरेटर व संपर्कखंडक मागे पडून इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन व अंतःक्षेपण यांचा प्रसार झाला. आज प्रत्येक प्लगावर स्वतंत्र वेटोळे असलेली एंजिने सर्रास आढळतात. पण जुनी वाहनेही खेड्यापाड्यांत जपून वापरलेली दिसतात. म्हणून दोन्ही पद्धतींचे ज्ञान कारागिरास आवश्यक ठरते.

मिळतेजुळते दोष : गाडी ‘उचलत नाही’ एवढ्यावरून प्रज्वलनचूक ठरविणे चूक होय. क्लच सरकत असल्यास एंजिनाचे फेरे वाढतात, गाडीचा वेग वाढत नाही. झटके मात्र बसत नाहीत. निष्कास नळी किंवा परिवर्तक तुंबला असल्यास गाडी गुळगुळीतपणे पण दुबळेपणाने चालते व फेरे जितके अधिक तितका दुबळेपणा वाढतो. ज्वलन अवेळी व स्फोटक होत असल्यास धातूवर टिचक्या मारल्यासारखी टकटक ऐकू येते. एंजिनाचा रबरी आधार तुटल्यास प्रवेगक दाबताना एकच दणका बसतो. प्रज्वलनचुकीत झटके अनियमित असून निष्कास नळीतून ‘फट् फट्’ असा तुटक आवाज येतो व बहुधा न जळलेल्या पेट्रोलाचा वास येतो.

निदानाचा क्रम : निदान म्हणजे भाग बदलत जाणे नव्हे. प्रथम प्लग, मग तारा, मग वेटोळे, मग पंप असे एकामागून एक बदलत गेल्यास दोष कधी तरी सापडतो, पण खर्च मालकाच्या माथी पडतो आणि खरे कारण कोणते होते हे कळत नाही. कोणताही भाग बदलण्यापूर्वी तो सदोष असल्याचा पुरावा मिळविणे हे निदानाचे मूलतत्त्व आहे.

पहिली पायरी विचारपुशीची. चूक केव्हा होते, यावरून निम्मे निदान होते. प्रवेगक दाबताक्षणी एक हिसका बसून नंतर गाडी नीट ओढत असल्यास प्रवेगक पंप, झोतझडपेचा संवेदक किंवा हवेची गळती यांचा संशय घ्यावा. जोर लावलेला असेपर्यंत चूक चालू राहून प्रवेगक सैल करताच थांबत असल्यास प्लग, तार किंवा वेटोळे यांकडे पहावे. घाटात सुरुवातीस गाडी नीट ओढून काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी अडखळू लागत असल्यास इंधनाचा पुरवठा अपुरा आहे असे समजावे. कारण तेथे दीर्घकाळ पूर्ण मागणी असते व कार्बोरेटरातील साठा किंवा नळीतील दाब हळूहळू उतरतो. चूक पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावरच होत असल्यास आर्द्रतेमुळे विद्युत् गळती होत असते. दुपारच्या उन्हात होऊन संध्याकाळी नाहीशी होत असल्यास उष्णतेने बिघडणारे वेटोळे किंवा बाष्परोध कारण असतो. नुकतेच पेट्रोल भरल्यावर सुरू झाली असल्यास पेट्रोलच तपासावे.

दुसरी पायरी दोष-संकेतांची. भारतात चारचाकी गाड्यांत २०१० नंतर टप्प्याटप्प्याने स्वनिदान योजना आली. भुजादंडावरील दातेरी चकतीसमोरचा संवेदक प्रत्येक शक्तिधावेनंतर होणारी सूक्ष्म वेगवाढ मोजतो. एखाद्या धावेनंतर ती न आढळल्यास संगणक चुकीची नोंद करून चालकासमोरचा पिवळा दिवा लावतो. ‘पी ०३००’ हा संकेत अनेक सिलिंडरांतील अनियमित चूक आणि ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ हे संकेत अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरातील चूक दर्शवितात. दिवा लुकलुकू लागल्यास परिवर्तकाला धोका निर्माण झाला आहे असे समजून प्रवेगक तत्काळ सैल करावा व गाडी सुरक्षित जागी थांबवावी. संकेत पुसण्यापूर्वी ते आणि त्या वेळचे फेरे, भार व तापमान यांच्या नोंदी लिहून घ्याव्यात; पुसल्यावर हा पुरावा परत मिळत नाही. संकेत दोषाची जागा सांगतो, कारण सांगत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे धक्के भुजादंडापर्यंत पोहोचून क्वचित खोटी नोंदही होते, हे लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी सदोष सिलिंडर ओळखण्याची. जुन्या पद्धतीत एंजिन चालू ठेवून एकेका प्लगाची तार काढतात. जी काढल्याने एंजिनाच्या चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर काम करीत नाही असे ठरते. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलनाच्या गाडीत ही रीत वापरू नये. विजेचा जबर धक्का बसतो, वेटोळे किंवा नियंत्रक जळू शकतो व कच्चे पेट्रोल परिवर्तकात जाते. तेथे अंतःक्षेपकाची जोडणी एकेक करून काढणे योग्य. प्रत्येक प्लगावर स्वतंत्र वेटोळे असल्यास संशयित वेटोळे शेजारच्या सिलिंडरावर बसवून गाडी पुन्हा चालवावी. उदा., संकेत तिसऱ्या सिलिंडराचा असून वेटोळे दुसऱ्याशी अदलाबदल केल्यावर संकेत दुसऱ्याचा झाला, तर वेटोळे सदोष ठरते. संकेत तिसऱ्याचाच राहिला, तर तीच कसोटी प्लगाची घ्यावी. तरीही संकेत न हलल्यास तिसऱ्या सिलिंडराचा अंतःक्षेपक, त्याची तारजोडणी व शेवटी संपीडन या क्रमाने तपासावे. या पद्धतीत एक पैसाही खर्च न होता बहुतेक दोष उघडकीस येतात.

प्रज्वलन योजनेची तपासणी : प्लग काढून सिलिंडरांच्या क्रमाने मांडावेत व त्यांची टोके तुलनेने पहावीत. फिकट तपकिरी किंवा राखी रंग सुस्थितीचा द्योतक आहे. कोरडी काळी काजळी समृद्ध मिश्रण किंवा तुंबलेली हवागाळणी सुचविते. ओला तेलकट थर कडी किंवा झडपेच्या मार्गदर्शिकेची झीज दाखवितो. पांढरी, भाजलेली टोके विरळ मिश्रण किंवा अयोग्य उष्णता-श्रेणीचा प्लग दर्शवितात. पांढऱ्या चिनी मातीच्या निरोधकावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसल्यास ती विजेच्या गळतीची वाट होय. अशा वेळी प्लग व त्याची रबरी टोपी दोन्ही बदलावीत, कारण टोपीच्या आतही तशीच वाट पडलेली असते. फट मापपट्टीने मोजावी. संपर्कखंडकाच्या गाड्यांत ती साधारण ०·६ ते ०·७ मिमी. व इलेक्ट्रॉनीय प्रज्वलनात ०·८ ते १·१ मिमी. असते, अंतिम प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेतीलच मानावे. गाडी द्रवरूप पेट्रोलियम वायू किंवा संपीडित नैसर्गिक वायूवर चालत असल्यास ठिणगीला अधिक विद्युत् दाब लागतो. म्हणून फट वाढू न देण्याची दक्षता अधिक घ्यावी लागते.

उच्च दाबाच्या तारांची गळती अंधारात ओळखता येते. रात्री एंजिन चालू करून झाकण उघडावे व तारांवर पाण्याचा बारीक तुषार मारावा. गळतीच्या जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. या वेळी तारांना हात लावू नये आणि जवळपास पेट्रोलाची गळती नाही याची आधी खात्री करावी. हृदयाला गतिनियामक बसविलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. तारांच्या मांडणीकडेही पहावे. अँबॅसडर किंवा पद्मिनीसारख्या एंजिनात ठिणगीचा क्रम १–३–४–२ असा असतो. तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरांच्या तारा लांबवर समांतर बांधल्या असल्यास तिसऱ्याच्या तारेतील दाबाने चौथीत ठिणगी प्रवर्तित होऊन तेथील मिश्रण अवेळी पेटू शकते. अशा तारा एकमेकींपासून अलग ठेवाव्यात किंवा एकमेकींना छेदून न्याव्यात.

संपर्कखंडकाच्या गाड्यांत बिंदूंवरील खड्डे, त्यांतील फट (साधारण ०·४ ते ०·५ मिमी.) व धारित्र (कंडेन्सर) तपासावे. वितरकाच्या टोपीतील तडा, आतील कोळशाची कांडी आणि फिरत्या भुजेचे टोक पहावे. वितरकात बसविलेले निर्वात-पटल फाटले असल्यास ठिणगीची वेळ भाराप्रमाणे बदलत नाही, शिवाय फाटक्या पटलातून हवाही गळते. वेटोळे थंड असताना मोजमापात योग्य आढळून तापल्यावर बिघडू शकते; म्हणून त्याची तपासणी एंजिन तापलेले असतानाच करावी.

इंधन योजनेची तपासणी : कार्बोरेटराच्या गाडीत एंजिन बंद ठेवून हवागाळणी काढावी व प्रवेगक हाताने झटक्याने ओढून आत पहावे. प्रवेगक पंपाच्या नळीतून पेट्रोलाची ठसठशीत चिळकांडी तत्काळ उडाली पाहिजे. ती न उडाल्यास पंपाचे पटल किंवा चामडी वाटी, एकमार्गी गोळी आणि सूक्ष्म नळी यांची सफाई किंवा बदल करावा. मुख्य नळीत (जेट) कचरा असल्यास तो तारेने उकरू नये, हवेच्या झोताने काढावा. तारेने छिद्र रुंदावते. प्रवेगक दाबताच कार्बोरेटरातून उलटी शिंक येणे हे विरळ मिश्रणाचे नेहमीचे लक्षण होय.

अंतःक्षेपणाच्या गाडीत इंधननळीतील दाब मोजावा. अंतर्ग्रहण नळीत अंतःक्षेपण करणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो ३ ते ३·५ किग्रॅ./सेंमी.² च्या आसपास असतो. रिकाम्या फेऱ्यांत दाब योग्य असणे पुरेसे नाही. भाराखाली तो टिकतो की उतरतो हे पहावे. उतरत असल्यास गाळणी तुंबलेली आहे, पंप दुबळा आहे किंवा पंपाला पुरेसा विद्युत् दाब मिळत नाही. यांपैकी तिसरी शक्यता आधी तपासावी, कारण गंजलेल्या जोडणीपायी चांगले पंप फेकून दिले जातात. हवामापक संवेदकानंतरच्या रबरी नळीला तडा असल्यास संगणकास न कळता हवा आत शिरते. जोर लावल्यावर एंजिन आपल्या आधारांवर कलते व तडा फाकतो. उभ्या गाडीत तो मिटलेला राहतो. म्हणून नळी हाताने वाकवून पाहिल्याशिवाय ती निर्दोष मानू नये.

एंजिनाच्या निर्वाताचे मापन हे स्वस्त व उपयुक्त साधन आहे. समुद्रसपाटीवर सुस्थितीतील एंजिनात रिकाम्या फेऱ्यांना ४३ ते ५३ सेंमी. पाऱ्याइतका निर्वात मिळतो. दर ३०० मी. उंचीला तो सुमारे २·५ सेंमी. ने कमी होतो. बीड शहर सुमारे ५०० मी. उंचीवर असल्याने तेथे वाचन सुमारे ४ सेंमी. ने कमी येणे स्वाभाविक आहे. काटा ठराविक अंतराने खाली झटके देत असल्यास झडप, तर एकसारखा थरथरत असल्यास बहुधा मिश्रण किंवा प्रज्वलन यांचा दोष असतो.

संपीडनाची तपासणी : इंधन व प्रज्वलन तोडून, सर्व प्लग काढून व झोतझडप पूर्ण उघडून आरंभकाने एंजिन फिरवावे व प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजावा. पुष्कळशा पेट्रोल एंजिनांत तो १० ते १२ किग्रॅ./सेंमी.² असतो. उंचीमुळे आकडा थोडा कमी येईल. खरे महत्त्व सिलिंडरांमधील तुलनेला आहे. सर्वाधिक व सर्वांत कमी वाचनांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर एंजिन तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढल्यास कडी झिजलेली आहे. न वाढल्यास झडप किंवा शीर्षाची गादी (गॅस्केट) सदोष आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांत सारखाच कमी दाब आल्यास त्यांमधील गादी फुटल्याची शक्यता मोठी असते.

बीड जिल्ह्यातील विशेष कारणे : (१) धूळ. काळ्या मातीचे कच्चे रस्ते व ऊसवाहतूक यांमुळे उन्हाळ्यात व हंगामात हवेत बारीक धूळ फार असते. हवागाळणी तुंबली की कार्बोरेटराच्या गाडीत मिश्रण समृद्ध होऊन प्लग काळे पडतात. अंतःक्षेपणाच्या गाडीत मुख्यतः शक्ती घटते. गाळणी फाटली किंवा नीट बसली नाही, तर धूळ सिलिंडरात जाऊन कडी झिजवते व संवेदकावर बसून त्याचे मापन चुकविते. पुस्तिकेतील मुदत सर्वसाधारण रस्त्यांसाठी असते. अशा भागात गाळणी तिच्या निम्म्या अंतरावर तपासावी.

(२) उष्णता. एप्रिल–मे महिन्यांत तापमान ४०° से. च्या वर जाते. जुन्या गाड्यांत एंजिनावर बसविलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोलाची वाफ होऊन प्रवाह तुटतो; यास बाष्परोध म्हणतात. घाट चढल्यावर गाडी थांबवून पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा उपाय तात्पुरता पण शास्त्रशुद्ध आहे. कायमचा उपाय म्हणजे नळी निष्कास नळीपासून दूर नेणे व उष्णतारोधक पत्रा परत बसविणे. दुरुस्तीत हा पत्रा काढून टाकण्याची चूक अनेकदा होते.

(३) उभी राहिलेली वाहने. जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे हंगामात पाच-सहा महिने घर बंद करून बाहेर जातात. इतका काळ उभ्या असलेल्या मोटारसायकलीत किंवा मोटारीत पेट्रोलाचा हलका भाग उडून जातो, चिकट गाळ नळ्यांत बसतो, टाकीत दव साचते व उंदीर तारांची आवरणे कुरतडतात. परतल्यावर गाडी सुरू होते पण जोर घेत नाही. अशा वेळी प्रथम जुने पेट्रोल काढून टाकावे, कार्बोरेटराची वाटी धुवावी आणि तारा टोकापासून टोकापर्यंत तपासाव्यात. जाण्यापूर्वी कार्बोरेटर रिकामा करून ठेवल्यास पुष्कळ त्रास वाचतो.

(४) एथेनॉलयुक्त पेट्रोल. भारतात २०% एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली व २०२५ मध्ये देशाने सरासरी त्या पातळीचे मिश्रण गाठले. एथेनॉलास ज्वलनासाठी वजनाच्या केवळ ९ पट हवा लागते; त्यामुळे २०% मिश्रणासाठी योग्य प्रमाण १४·७ ऐवजी सुमारे १३·५ होते. जुन्या कार्बोरेटराची मुख्य नळी पूर्वीच्या पेट्रोलासाठी मापलेली असल्याने मिश्रण सुमारे ७ ते ८% विरळ होते. जो कार्बोरेटर आधीच विरळतेच्या सीमेवर होता तो प्रवेगात चुकू लागतो. त्यास योग्य मापाची मोठी नळी बसवावी लागते. अंतःक्षेपणाच्या गाडीत प्राणवायू-संवेदकाच्या आधारे संगणक ही दुरुस्ती आपोआप करतो. एथेनॉल पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व एथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमका पंपाच्या तोंडाशी, बसतो. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवल्यास हा थर डोळ्यांनी दिसतो. असे पेट्रोल पूर्णपणे काढून टाकण्यास पर्याय नाही. जुन्या रबरी नळ्या व गादी एथेनॉलाने फुगतात किंवा चिरतात, त्या बदलाव्यात.

(५) भेसळ. केरोसिनाची भेसळ असल्यास काजळी वाढते व टकटक सुरू होते. ग्राहकास पेट्रोलपंपावर गाळणकागदाची कसोटी मागता येते : शुद्ध पेट्रोलाचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. सुटे पेट्रोल बाटलीतून घेणे टाळावे.

डीझेल वाहने : डीझेल एंजिनात ठिणगी नसते, तेथील चूक बहुधा इंधनात हवा किंवा पाणी शिरणे, गाळणी तुंबणे, अंतःक्षेपक बिघडणे किंवा संपीडन कमी होणे यांमुळे होते व न जळलेल्या इंधनाचा पांढरा धूर निघतो. जुन्या जीपगाड्यांत नळीची चाकी सैल करून सदोष सिलिंडर ओळखत. सामाईक नळीच्या (कॉमन रेल) आधुनिक एंजिनात असे कदापि करू नये. तेथे दाब १,००० किग्रॅ./सेंमी.² हून कितीतरी अधिक असतो व इंधनाची धार कातडीत शिरून गंभीर इजा करते.

दुरुस्तीनंतरची खातरजमा : दोष दूर झाला असे उभ्या गाडीवरून ठरवू नये. ज्या परिस्थितीत चूक होत होती, तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करून पहावी. चूक घाटात होत असल्यास गर्दी नसताना, दिवसा, सोबत एक जाणकार घेऊन त्याच चढावर गाडी चालवावी. नोंदी पाहण्याचे काम सोबत्याने करावे, चालकाने नव्हे. नवे प्लग घट्ट करताना ठरलेल्या पिळाहून अधिक जोर लावू नये. ॲल्युमिनियमच्या शीर्षातील आटे सहज खराब होतात. काढलेले भाग मालकास दाखवून त्यांवरील दोषाची खूण समजावून देणे ही चांगल्या कारागिराची पद्धत होय. त्यामुळे मालकास पुढील देखभालीची दिशा मिळते व तोच दोष पुन्हा उद्भवल्यास निदानाला आधार राहतो.

प्रतिबंधक देखभाल : प्लग, हवागाळणी व इंधनगाळणी पुस्तिकेतील मुदतीत बदलणे, तारा व टोप्या कोरड्या व स्वच्छ ठेवणे, टाकी फार काळ रिकामी न ठेवणे आणि पहिला झटका जाणवताच तपासणी करणे एवढ्या दक्षतेने ही चूक बव्हंशी टाळता येते. प्रज्वलनचूक आपोआप बरी होत नाही. थंडीत किंवा सपाट रस्त्यावर ती काही काळ लपते, एवढेच. लांबच्या प्रवासापूर्वी, विशेषतः घाट ओलांडावयाचा असल्यास, एखाद्या मोकळ्या चढावर वरच्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण जोर लावून पाहण्याची सवय ठेवावी. प्रज्वलन योजनेत शिल्लक उरली आहे की नाही, हे या साध्या कसोटीने रस्त्यावर अडचण येण्यापूर्वीच कळते.